सात सेकंदांची शिदोरी

विजेच्या रुळांवर धांवणाऱ्या खेळांतल्या आगगाडीनें पोटांत आणखी एक बॅटरी बाळगावी, हें प्रथमदर्शनीं विचित्र वाटतें. रुळांतून प्रवाह येतो, चाकांवाटें तो इंजिनांत शिरतो, मोटर फिरते, पुढचा दिवा लागतो. मग ही निराळी तरतूद कशासाठीं? नदीकांठीं राहणाऱ्यानें उशाशीं पाण्याचा तांब्या ठेवावा, त्यांतलाच हा प्रकार. परंतु अमेरिकेंत गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत जीं मोठीं बोलकीं इंजिनें तयार झालीं, त्यांतल्या पुष्कळांचें बरेंवाईट या काड्यापेटीएवढ्या बॅटरीवर अवलंबून असतें. माझे थोरले बंधु तिला 'शिदोरी' म्हणत. त्यांच्या वहींत सर्वत्र हाच शब्द आहे. त्या वहीविषयीं लिहावें म्हणूनच हा लेख. पण त्यापूर्वीं इंजिनाला शिदोरी लागते कां, हें सांगणें प्राप्त आहे.

कथा जुनी आहे. १९०० सालीं न्यूयॉर्कमध्यें जोशुआ लायनेल कोवेन या तरुणानें आपला कारखाना काढला, आणि लवकरच दुकानदारांना कांचेमागें माल मांडण्यासाठीं विजेवर फिरणारी एक लाकडी गाडी करून दिली. लोक दुकानांत शिरून मालाऐवजीं ती गाडीच मागूं लागले. (ही माणसाची जुनी खोड आहे; पुस्तकापेक्षां वेष्टनावर लुब्ध होणारे वाचक मीं पुष्कळ पाहिले आहेत.) त्या पहिल्या गाड्या घटांवरच चालत, कारण वीज घरोघर पोंचलेली नव्हती. पुढें वीज आली, ट्रान्सफॉर्मर आला आणि बॅटरी मागें पडली. १९०६ मध्यें लायनेलनें दोन रुळांच्या मध्यें तिसरा रूळ घातला. मधल्या रुळांतून प्रवाह यावयाचा, बाहेरच्या दोहोंतून परत जावयाचा. खऱ्या रेल्वेंत असा मधला रूळ सहसा आढळत नाहीं, आणि शुद्धतेचे भोक्ते त्याला पाहून अजून नाक मुरडतात. पण त्यामुळें रूळ वळवून वळवून स्वतःलाच आणून जोडले तरी प्रवाहाचा घोंटाळा होत नाहीं. मुलांना तर रूळ वळवावयाचेच असतात.

अडचण निराळीच निघाली. हा प्रवाह ए. सी. जातीचा, म्हणजे सेकंदाला कित्येक वेळां स्वतःच दिशा बदलणारा. तारा उलट्या जोडल्या तरी मोटर उलटी फिरत नाहीं. मग गाडी मागें कशी न्यावयाची? कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्ट येथल्या आइव्ह्ज कारखान्यानें १९२४ मध्यें यावर तोड काढली. प्रवाह क्षणभर तोडून पुन्हां सोडला कीं इंजिनांतलें एक लहानसें यंत्र एक पायरी पुढें सरकावें : पुढें, थांब, मागें, थांब, पुन्हां पुढें. १९२८ मध्यें आइव्ह्जचें दिवाळें निघालें, त्याची मालमत्ता इतरांकडे गेली, आणि १९३३ पासून लायनेलनें हीच युक्ति 'ई-युनिट' या नांवानें घरोघर पोंचविली. तेव्हांपासून तीन रुळांच्या गाडीची रीत ठरली ती ठरली. तिला कांहीं सांगावयाचें असेल तर तिचें अन्न क्षणभर तोडावयाचें, आणि तेवढ्यावरून तिनें समजून घ्यावयाचें.

आमच्या खंडाळ्याच्या घाटांत १९२९ पर्यंत खरी गाडीहि अशीच थांबून दिशा बदलीत असे. रिव्हर्सिंग स्टेशनावर इंजिन एका टोंकाकडून सोडीत, दुसऱ्या टोंकाला जोडीत, आणि गाडी आल्या वाटेकडे तोंड करून वेगळ्या रुळानें घाट चढे. आमचे आजोबा त्याची हकीकत फार रंगवून सांगत. इंजिन सोडलें जाई तेव्हां गाडी कशी गप्प होई, आणि तें निराळ्या रुळावरून वाफ सोडीत सोडीत दुसऱ्या टोंकाला जाई तेव्हां मुलें खिडक्यांतून कशीं माना वळवीत, हें त्यांच्या तोंडून दादांनीं आणि मीं किती वेळां ऐकलें असेल याची गणती नाहीं. दादांच्या आगगाडीच्या वेडाचें मूळ तेथें आहे अशी माझी समजूत आहे. मला मात्र त्या हकीकतींतून गोष्टींचेंच वेड लागलें.

गाडी मुकी होती तोंवर प्रवाह तोडण्यांत कांहींच बिघडत नव्हतें. १९९० नंतर इंजिनांत खऱ्या इंजिनाचे ध्वनि भरलेले तबकडीवजा विद्युत्-पट आले : शिटी, घंटा, चढावरची धाप, ब्रेकची किंचाळी, आणि स्टेशनांत उभें असतां इंजिन जो मंद श्वास घेत राहतें तोहि. येथें जुनी रीत नडली. दिशा बदलण्यासाठीं प्रवाह तोडावा कीं सर्व ध्वनि एकदम मरावे, आणि पुन्हां सोडावा कीं एकदम जिवंत व्हावे. खरें वाफेचें इंजिन थांबलें म्हणून मरत नाहीं. तेव्हां कारखानदारांनीं टेंडरमध्यें, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यांत, पुन्हां भरतां येणारी बॅटरी बसविली. रुळांत वीज असेल तोंवर बॅटरीनें थोडें थोडें भरून घ्यावें, आणि ती तुटली कीं कांहीं सेकंद आवाज चालू ठेवावा. ज्या बॅटरीला ट्रान्सफॉर्मरनें सत्तर-ऐंशीं वर्षांपूर्वीं दारांतून बाहेर काढलें होतें, ती अशी मागील दारानें घरांत आली.

तिच्याकडे आणखी एक काम सोंपविलें होतें, आणि तेंच खरें नाजूक होय. त्या पहिल्या पिढीच्या इंजिनांत एक स्मरण-चिप असते. आवाज किती मोठा, कोणती सोय चालू, कोणती बंद, हें सर्व ती लक्षांत ठेविते, आणि गाडी बंद करतेवेळीं, वीज गेल्यानंतरच्या चार-दोन सेकंदांत, आपली नोंद लिहून ठेविते. त्या लेखनाला लागणारी शक्ति बॅटरी पुरविते. बॅटरी दुबळी असली आणि मध्येंच बसली, तर नोंद अर्धवट राहते व चिपचें डोकें फिरतें. मग इंजिनाला वीज दिली कीं तें सुसकारे टाकीत जागच्या जागीं उभें राहतें. ट्रान्सफॉर्मरचा दांडा कितीहि पुढें लोटा, चाक हलत नाहीं. असें इंजिन मीं पाहिलें आहे. त्याला कोठेंहि ओरखडा नव्हता, दिवा लखलखत होता, घंटा वाजत होती, आणि तें कायमचें बसलें होतें.

दादा पेनसिल्व्हेनियांतल्या लँकेस्टर जिल्ह्यांत पस्तीस वर्षांहून अधिक राहिले. आगगाडीच्या वेड्यानें राहण्यासाठीं यापरतें दुसरें ठिकाण शोधूं नये. जवळच स्ट्रासबर्ग आहे. तेथें १८३२ मध्यें सनद मिळालेली एक लहानशी रेल्वे अजून वाफेवर उतारू नेते. समोरच राज्याचें रेल्वे-संग्रहालय. आणि पलीकडे खेळाच्या गाड्यांचें संग्रहालय, १९५४ मध्यें स्थापन झालेल्या संग्राहकांच्या संघाचें. त्याच संघाच्या पूर्व विभागाचा बाजार यॉर्क गांवीं वर्षांतून दोनदां, एप्रिलांत व ऑक्टोबरांत भरतो, आणि आपल्याकडे पंढरीच्या वाटेवर जसे वारकरी, तसे त्या दिवसांत खांद्याला झोळ्या लावलेले म्हातारे त्या रस्त्यांवर दिसतात. दादांजवळ नऊ इंजिनें होतीं. सर्वांत लाडकें पेनसिल्व्हेनिया रेल्वेचें के-४. मूळचीं हीं इंजिनें १९१४ ते १९२८ या काळांत सव्वाचारशें झालीं; त्यांतलें एक, ३७५० क्रमांकाचें, स्ट्रासबर्गच्या संग्रहालयांत आहे. दादांचें तें अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचें, टेंडरसह एकवीस इंच लांब.

बाकीचीं आठ पेट्यांत असत. तीं फारशीं धांवत नसत, पण तीं कोंडलेलींहि नसत. आणि हीच गोष्ट मला मुख्यतः सांगावयाची आहे.

या बॅटरीचा स्वभाव असा. तिच्यांत निकेल-कॅडमियमचे सात घट एकापुढें एक जोडलेले असतात. प्रत्येकाचे सव्वा व्होल्टास किंचित् कमी, म्हणजे १.२, मिळून ८.४. ही जात स्वीडनमधील वाल्डेमार युंगनर यानें १८९९ मध्यें शोधून काढली, व ती राकट म्हणून प्रसिद्ध आहे. वारंवार भरा, वारंवार रिती करा, तक्रार करणार नाहीं. तिला सोसत नाहीं तें पडून राहणें. कोणीहि हात लावला नाहीं तरी ती आपोआप झिरपत जाते. सातांपैकीं एखादा घट जरा अशक्त असतोच. तो आधीं रिता होतो, आणि अशा वेळीं बॅटरी वापरली गेली तर उरलेले सहा त्याच्यांतून आपला प्रवाह रेटतात. त्याचे ध्रुव उलटतात आणि मग तो कधीं सावरत नाहीं. एकत्र कुटुंबांत जें होतें तें येथेंहि होतें. पुढें कवच फुटून आंतला क्षार पाझरतो, हवेंतल्या कार्बन डायऑक्साइडशीं मिळून त्याची पांढरी बुरशीसारखी पूड जमते, आणि ती तारांना खात सुटते. म्हणून या इंजिनांसंबंधीं जाणत्यांचा नियम असा, कीं बॅटरी चालती राहिली तर पांच वर्षेंपर्यंत टिकते, आणि वर्षभर स्पर्श न करतां ठेविली तर ती पुन्हां उठेलच असा भरंवसा धरूं नये.

वर्ष हें माप ऐकल्याबरोबर दादांना काय सुचलें असेल, हें मराठी वाचकाला सांगावयास नको. आपल्याकडे वर्षांतून एक दिवस हत्यारांचा असतो. अश्विन शुद्ध नवमीला, खंडेनवमीला, सुतार आपली करवत पुसतो, शिवणारा यंत्राला हळदकुंकू लावतो, आणि आमच्या कॉलेजांतला प्रयोगशाळेचा गडी तराजूंना फुलें वाहतो. दादांनीं सगळें नवरात्रच इंजिनांना वाहिलें. नऊ इंजिनें, नऊ रात्री. घटस्थापनेला पहिली पेटी उघडावयाची, टेंडर उलटें करून बुडचे स्क्रू काढावयाचे, कवच उचलावयाचें, बॅटरी सोडवून संध्याकाळीं भरावयास लावावयाची. या जातीला संथ भरणें मानवतें. पुरे चौदा तास लागतात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती परत बसवून इंजिन रुळावर ठेवावयाचें, चार फेऱ्या द्यावयाच्या, मग वीज तोडून घड्याळावर नजर ठेवावयाची, कीं आवाज किती सेकंद टिकतो. सात सेकंद म्हणजे उत्तम. पांचाच्या खालीं गेला कीं नवी बॅटरी. वर देवघरांत वहिनींचा अखंड दिवा, खालीं तळघरांत दादांच्या चार्जरचा तांबडा ठिपका. वहिनी म्हणत, "यांचेहि घटच बसतात, भाऊजी. फक्त उगवत कांहीं नाहीं." घटाला घट म्हणण्याची ही कोटी त्यांच्या ध्यानांत होती कीं नाहीं, मीं कधीं विचारलें नाहीं.

हें सर्व वहींत आहे. १९९८ पासून २०२१ पर्यंत, चोवीस नवरात्रें. डाव्या बाजूस तिथि, मग इंजिनाचें नांव, मग व्होल्ट, मग सेकंद, आणि क्वचित् शेरा. "के-४. शिदोरी नवी. ९.१. सात." "हडसन. शिदोरी चौथें वर्ष. साडेपांच. पुढल्या वर्षीं बघूं." एका पानावर नुसतेंच "आज मन नाहीं, उद्यां दोन लावीन," आणि दुसऱ्या दिवशीं खरोखरच दोन नोंदी. अक्षर देवनागरी, बारीक, शाळेंत दाबून वळविलेलें. पहिल्या पानावर चौकट करून तीन सूचना लिहिल्या आहेत. एक, वर्षाहून अधिक पडून राहिलेलें इंजिन शिदोरी बदलल्याशिवाय रुळावर ठेवूं नये. दोन, न भरतां येणारी साधी बॅटरी आंत घालूं नये, कारण इंजिन तिलाहि भरूं पाहतें व ती फुटते. तीन, जुनी शिदोरी कचऱ्यांत टाकूं नये. कॅडमियम हें विष आहे.

२०२२ आणि २०२३ या वर्षांचीं पानें कोरीं आहेत. आजारांत त्यांना तळघराच्या पायऱ्या उतरवत नसत. २०२४ च्या वसंतांत ते गेले.

माझा पुतण्या तिकडेच वाढलेला, अत्यंत सज्जन, आणि व्यवहारांत काटेकोर. त्यानें इंजिनांचें काय करावें याची रीतसर चौकशी केली. त्या व्यवसायाची एक प्रतवारी आहे, आणि तिच्यांत सर्वांत वरची पायरी 'मिंट', म्हणजे टांकसाळींतून नुकत्याच पडलेल्या नाण्यासारखी कोरी. जें चालविलेंच नाहीं, जें पेटींतून निघालेंच नाहीं, त्याला मोल अधिक. ही प्रतवारी पत्र्याच्या जुन्या गाड्यांना शोभत असेल, कारण पत्रा पेटींत बसून राहिला तर निदान गंजत तरी नाहीं. परंतु जिच्या पोटांत सात घट आहेत अशा इंजिनाला ती लावणें म्हणजे न उघडलेल्या डब्यांतलें लोणचें अधिक चांगलें म्हणण्यासारखें आहे. कोरी पेटी विकत घेणारा माणूस बहुधा आंतल्या मेलेल्या बॅटरीचे पैसे देतो, आणि पुढचा घेणारा त्याला त्याहून जास्त देतो; कोणीच पेटी उघडीत नसल्यामुळें कोणालाच पत्ता लागत नाहीं. दादांच्या पेट्यांच्या कडा चोवीस वर्षांच्या उघडझांपीनें मऊ झाल्या होत्या. एक गिऱ्हाईक त्या पाहून म्हणाला, कीं हें फार नुकसान झालें.

तरी त्यानें एक चालवून दाखवा म्हटलें. पुतण्यानें पेटींतून न्यूयॉर्क सेंट्रलचें हडसन काढून रुळावर ठेवलें आणि वीज सोडली. इंजिनानें श्वास घेतला, घंटा दिली. वीज तोडली तशी आवाज तत्क्षणीं मेला. पुन्हां सोडली, पुन्हां तोडली. तिसऱ्या खेपेपासून तें हललें नाहीं. वही त्याच कपाटांत, चार बोटांवर, उभी होती. पहिल्या पानावर पहिलीच सूचना होती. पण पुतण्याला मराठी बोलतां येतें, वाचतां येत नाहीं. वहिनींना वाचतां येतें, पण 'यांच्या' वहीला त्यांनीं इतक्या वर्षांत हात लावला नव्हता. पुढें आठवड्यानें त्यांनीं ती उघडली आणि पहिलें पान मला फोनवर वाचून दाखविलें. माझे डिसेंबरांतले पंधरा दिवस त्या घरीं जावयाचे ठरलेच होते. ते बहुतेक तळघरांत गेले.

मीं इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक. पेंचकस धरण्याची संवय नाहीं. पण दादांची वही इतकी स्वच्छ आहे, कीं ती वाचूं शकणाऱ्याला दुसऱ्या गुरूची गरज पडत नाहीं. आठ टेंडरें मीं तिच्याबरहुकूम उघडलीं. इंजिनाचा सगळा आवाज, स्मरण आणि शिदोरी या कोळशाच्या डब्यांत असते, आणि पुढच्या भारदस्त यंत्रांत फक्त मोटर, हें प्रत्यक्ष पाहिल्यावर मला मौज वाटली. बॅटऱ्या मोजल्या. एकीचेहि तीन व्होल्ट भरले नाहींत. दोघींच्या टोंकांशीं पांढरी पूड होती. हा क्षार अल्कली जातीचा, म्हणून त्यावर आम्ल. वहिनींनीं वरून लिंबू कापून दिलें. कापसाच्या बोळ्यानें पूड पुसली, मग किंचित् पाणी, मग कोरडा फडका. पुतण्याचा नऊ वर्षांचा मुलगा शेजारीं उभा राहून दर दोन मिनिटांनीं विचारी, "आजोबा, आतां लावूं?" आणि मी म्हणें, "अजून नाहीं." पोराचा धीर सुटण्याची ती भीति खरी होती. वीज सोडण्याचा खटका त्याच्या हाताच्या अंतरावर होता आणि आठ चिपांचें डोकें अजून ठिकाणावर होतें.

आतां प्रश्न उरला तो शिदोरीच पुन्हां भरावी कीं तिच्या जागीं दुसरें कांहीं बसवावें हा. गेल्या कांहीं वर्षांत या बॅटरीच्याच आकाराचे सुपरकपॅसिटर मिळूं लागले आहेत. त्यांत रासायनिक क्रिया नाहीं. वीज पृष्ठभागावर नुसती सांठते. रुळांवर मिनिटभर वीज मिळाली कीं तो भरतो, आणि वीज तुटली कीं हव्या त्या चार-सहा सेकंदांपुरती ती परत देतो. पेटींत तीन वर्षें पडला तरी नासत नाहीं, गळत नाहीं. पथ्य एकच, वीज सोडल्यावर तें मिनिट वाट पाहावी, लगेच तोडूं नये. नव्या पिढीचीं इंजिनें तर कारखान्यांतूनच हा घेऊन येतात. दादांना हें ठाऊक होतें. के-४ खेरीज दुसरें कोणतेंहि इंजिन आठवड्याला चालत नसतां त्यांनीं तो एकांतहि कां बसविला नाहीं, असें मीं त्यांना २०१९ सालीं फोनवर विचारलें होतें. ते म्हणाले, "मग खंडेनवमीला मी काय करूं?"

यंत्राच्या हिताचा विचार केला तर उत्तर उघड आहे, आणि मी तेंच दिलें. ज्या घरांत दर अश्विनांत तळघरांत उतरणारा माणूस उरला नाहीं, तेथें दर अश्विनाची अपेक्षा करणारी वस्तु ठेवूं नये. मीं पुतण्याला सांगितलें, सगळ्यांत सुपरकपॅसिटर घाल. त्यानें त्याच दिवशीं मागविले. सात बसले, तासाभराचें काम. विकावयाचा विषय त्यानें नंतर स्वतःहून काढला नाहीं. आठवें के-४. त्याचें टेंडर उघडून मी बसलों होतों तों वहिनी पहिल्यांदाच तळघरांत उतरून आल्या. त्यांनीं सगळें नीट पाहिलें, ती पिंवळी मळकी बॅटरी हातांत घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाल्या, "बाकी सगळ्यांना तें नवें असूं द्या, भाऊजी. याला हेंच नवें आणून घाला."

मीं यावर युक्तिवाद केला नाहीं. नवी बॅटरी आली ती निकेल-मेटल-हायड्राइड जातीची, कारण कॅडमियमची आतां सहज मिळत नाहीं. ही विषारी नाहीं, पण झिरपण्यांत जुनीहून उतावळी. रात्रभर ती भरली. सकाळीं बसविली, मुलाला "आतां लाव" म्हटलें. के-४ चार फेऱ्या फिरलें. वीज तोडली. तळघरांत आम्ही चौघे उभे होतों; इंजिन रुळावर थांबून श्वास घेत राहिलें, आणि मुलगा मोठ्यानें सेकंद मोजूं लागला. सातावर तें गप्प झालें.

हडसनचें मात्र कांहीं झालें नाहीं. प्रवाह ठराविक वेळां तोडून-जोडून चिपला मूळ स्थितीवर आणण्याचा एक उपाय आहे. तो दोन संध्याकाळ केला. इंजिन घंटा देतें आणि उभें राहतें. चिप काढून तज्ज्ञाकडे पाठवावी लागेल, आणि इतक्या जुन्या चिपा पुन्हां लिहून देणारीं माणसें आतां बोटांवर मोजण्याइतकीं आहेत. पुतण्यानें तें पेटींत न घालतां कपाटावर उघडें ठेवलें आहे.

निघण्यापूर्वीं मीं वहीच्या पहिल्या पानाचें इंग्रजी भाषांतर करून दिलें. तीस वर्षें विद्यार्थ्यांना इंग्रजी कवींचे अर्थ सांगतों, पण इतकें जपून भाषांतर केल्याचें मला आठवत नाहीं, कारण त्यांतला एक शब्द चुकला तर सात इंजिनांचें नसलें तरी एकाचें नुकसान ठरलेलें. 'शिदोरी'पाशीं अडलों. प्रवासाला निघणाऱ्याच्या फडक्यांत बांधून दिलेली भाकरी, चटणी आणि ती बांधणाऱ्या बाईचा हात, एवढें सगळें एका इंग्रजी शब्दांत येईना, आणि सूचनेंत तर संदिग्धता चालत नाहीं. शेवटीं मीं प्रथम 'बॅटरी' लिहिलें, आणि वहीशीं ताडून पाहतां यावें म्हणून त्यापुढें दादांचा शब्द देवनागरींत काढून ठेविला. मुलानें तो पाहून पाहून गिरविला. वळण साफ चुकलें, पण वाचतां येतो.

२०२५ च्या घटस्थापनेला रात्रीं फोन आला. पलीकडे सकाळ होती. "आजोबा, सहा," एवढेंच तो म्हणाला. मीं विचारलें, किती तास भरलीस? दहा. रात्रीं झोंप आली नाहीं म्हणून पहांटेंच काढली होती.

त्याला म्हटलें, आजची रात्र पुन्हां लाव, आणि उद्यां चौदा तास पुरे होईपर्यंत खालीं जाऊं नकोस.